पापण्या येईपर्यंत

निकिताचं पत्र आलं तेव्हा चंद्रभागेच्या पापण्या शाबूत होत्या. सीतारामांना ते पत्र आठवायचं ते नेहमी असं, पापण्यांसकट. निळं आंतर्देशीय. त्यांनी ते घाईने उघडलं होतं, म्हणून एका ओळीची शेपटी फाटून निघाली होती; तो कपटाही त्यांनी घडीत जपून ठेवला होता. कात्रजहून कर्वेनगरला आलेलं पत्र. बसने तासाभरात येऊ शकेल अशा मुलीने पोस्टातून विचारावं, मी येऊ का? शहर एवढं मोठं कधी झालं, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं, आणि लगेच हेही वाटलं होतं की यात शहराचा काही दोष नाही. फोन निकिताचा असला की ते ‘आईला देतो’ एवढंच म्हणत आणि रिसीव्हर टेबलावर ठेवत, हळूच, झोपलेल्या मुलाला खाली ठेवावं तसा. म्हणून तिने लिहिलं होतं: ‘बाबा, आईची गाठ काढली असं शालूमावशीकडून कळलं. आई फोनवर ये म्हणते. पण ते घर तुमचंही आहे. तुम्ही लिहा. एक शब्द लिहिलात तरी येईन. फोनवर नको, फोनवर तुम्ही आईला देता.’ खाली नुसतं नाव. नावाच्या आधी ‘तुमची’ लिहून खोडलं होतं की तो नुसताच शाईचा डाग होता, हे त्यांना भिंगातूनही कळलं नव्हतं.

एक शब्द. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांचे शब्द तपासण्यात घालवला होता. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात ते मुद्रितशोधक होते. शिशाच्या खिळ्यांचा जमाना गेला, संगणक आले, मालकाच्या मुलाने थंडगार काचेची केबिन बांधली, तरी प्रुफं त्यांच्याकडेच येत राहिली, कारण चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. पण स्वतःचं वाक्य लिहायची वेळ आली की हात जागच्या जागी थांबायचा. ‘ये’ असं लिहावं तर हुकूम वाटतो. ‘तू येऊ शकतेस’ म्हणजे उपकार. ‘आम्ही वाट पाहतो आहोत’ म्हणावं, तर इतके दिवस काय करत होतात, असं तिने विचारलं तर? पाठकोऱ्या कागदांवर ते लिहीत, समासात खुणा करत, आणि दुपारच्या चहाआधी फाडून टाकत. शिवाय माफी मागायची तर ती कशाची हे लिहावं लागलं असतं. ते तर त्यांना पाठ होतं. निकिता बी. एस्सी. पहिल्या वर्गात पास झाली होती. स्पर्धा परीक्षेचा अर्ज त्यांनी स्वतः आणून ठेवला होता, आणि ती एक दिवस घरी आली ती हातात पेटी घेऊन. पेटी उघडली तर आत मेकअपचे ब्रश, कांड्या, डब्या, रंग. बाहेरच्या खोलीत पाहुणे बसलेले, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, फोटोखाली पुस्तकांची दोन कपाटं. सीतारामांचे वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात राबले होते आणि छप्पन सालानंतर, चाळिशी उलटल्यावर, अक्षर अक्षर जुळवत वाचायला शिकले होते. ते सगळं त्या क्षणी सीतारामांच्या छातीत दाटून आलं असेल. की फक्त पाहुण्यांची लाज वाटली असेल? ते म्हणाले होते, “या घरात आजवर बोटं काळी झाली ती शाईने. आता तुझी याने होऊ देत.” जन्मभर कुणाला उलट उत्तर न दिलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य इतकं घोटीव, बिनचूक निघालं होतं की एक पाहुणे हसलेसुद्धा. निकिताने पेटीचं झाकण लावलं. खटका बसल्याचा आवाज तेवढा झाला. आठवडाभरात तिने कात्रजला खोली घेतली, पुढे तिथेच पार्लर टाकलं. शनिवारी ती हिंजवडीच्या होस्टेलांमधून फिरते, कंपन्यांतल्या मुलींच्या भुवया करते, लग्नसराईत नवऱ्या सजवते, असं चंद्रभागा फोन ठेवल्यावर सांगायची, भिंतीला सांगावं तसं.

त्या पत्रानंतर चंद्रभागेची सलाईनं सुरू झाली. केस गेले ते दिसले. उशीवर, कंगव्यात, न्हाणीघराच्या जाळीवर. पापण्या कधी गेल्या हे कुणीच पाहिलं नाही. एका सकाळी ती चहाचा कप धरून समोर बसली होती आणि सीतारामांना वाटलं, आपल्याकडे कुणीतरी दुसरंच बघतं आहे. डोळे तेच, पण उघडे पडलेले, पडदे काढून नेलेल्या खिडक्यांसारखे. पस्तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत नुसत्या डोळ्यांनी वर्ग गप्प करणारी ही बाई, आणि आता तिच्याकडे बघताना त्यांचीच नजर खाली जायची. तिलाही ते कळलं असावं. “निकिताला यातलं काही सांगायचं नाही,” ती म्हणाली. “गाठ काढली, मी बरी आहे, संपलं.” आणि पुन्हा एकदा, पत्राचा विषय कुणीही काढलेला नसताना: “एवढ्यात लिहू नका तिला. पापण्या येऊ देत. केसांचं काय, डोक्यावरून पदर घेता येतो. डोळ्यांवरून कसा घेणार? आणि ती आधी डोळेच बघते. धंदाच आहे तिचा.” सीतारामांनी मान हलवली होती, गंभीरपणे, आजारी माणसाचा शब्द राखावा तशी. पण आत, बरगड्यांच्या मागे कुठेतरी, काहीतरी सैल झालं होतं. शाळेत गणिताचे गुरुजी आले नाहीत की व्हायचं तसं. आता न लिहिण्याला कारण होतं, आणि कारण त्यांचं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी कागद फाडणं थांबवलं. बायकोच्या पापण्या गेल्या आणि आपल्याला बरं वाटलं, हा विचार मधूनच पुस्तक वाचताना त्यांच्या समोर यायचा. ते पान उलटायचे, तर तो पुढच्या पानावर असायचाच.

शेजारचा बंगला पाडायला घेतला होता. कर्वेनगरात आता रोज कुठला तरी बंगला पडायचा आणि त्याच्या जागी मजल्यावर मजले उभे राहायचे. हिंजवडीचे पगार येऊन राहणार होते तिथे. त्या धुळीचा एक कण सकाळी गॅलरीत बसलेल्या चंद्रभागेच्या डोळ्यात गेला. अडवायला काही नव्हतं, तो सरळ आत गेला. “अहो,” तिने हाक मारली, “बघा जरा.” तिला स्वतःला काढता येत नव्हता. औषधांनी तिच्या बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या. ब्लाउजचे हूकसुद्धा सीताराम लावायचे. त्यांनी रुमालाचं टोक ओलं केलं, चष्मा कपाळावर सरकवला, आणि तिची वरची पापणी चिमटीत धरून उचलली. इतक्या जवळून त्यांनी तो डोळा कधी पाहिला होता? लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि बायकोच्या बुबुळात डाव्या अंगाला एक तपकिरी ठिपका आहे हे त्यांना आज कळत होतं. कण निघाला. मग त्यांना पापणीच्या काठावर ते दिसलं. बारीक, विरळ, शाई कमी पडलेल्या छपाईत अक्षरं अर्धवट उठतात तसे केस. एखादा लांब, पुढचा आखूड, मध्येच काही नाही. ते थबकले.

“आल्या का?” तिने विचारलं. पापणी अजून त्यांच्या चिमटीत होती, त्यामुळे प्रश्न थेट आत गेला.

“आल्यासारख्या वाटतात,” ते म्हणाले. “थोड्या.”

“थोड्या म्हणजे किती? प्रुफं तपासता ना? नीट सांगा.”

“विरळ आहेत. पण आहेत.”

तिने अर्ध्या पाडलेल्या बंगल्याकडे तोंड वळवलं. “मग मस्कारा आणा,” ती म्हणाली.

नुकताच डॉक्टरांनी नवा रिपोर्ट हातात ठेवला होता. यकृतावर डाग. पुढच्या महिन्यापासून पुन्हा सलाईन, आधीच्यापेक्षा कडक. पुन्हा सगळं जाणार, हे डॉक्टर बोलले नव्हते, चंद्रभागेनेच विचारलं होतं, “पापण्यापण?” आणि ते हो म्हणाले होते. मग तिने मस्काऱ्याचं विचारलं होतं आणि डॉक्टर पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघून म्हणाले होते, लावा, पण नवा कोरा आणा, पाण्याने निघणारा, आणि डोळे चुरचुरले तर लगेच पुसा. म्हणजे तिने हे आधीच ठरवलं होतं. विरळ का होईना, या पापण्या थोड्या दिवसांच्या पाहुण्या होत्या. तेवढ्यात निकिता यायला हवी. तेवढ्यात पत्र जायला हवं. सीताराम गॅलरीत रुमाल पिळत उभे राहिले आणि त्यांना वाटलं, आपल्या अंगावरचं पांघरूण कुणीतरी पायाकडून ओढतं आहे.

लक्ष्मी रस्त्यावरच्या त्या दुकानाच्या समोरून ते तीनदा गेले. जन्मभर या रस्त्यावर ते पुस्तकांसाठी आले होते. ही काचेची दुकानं त्यांना कधी दिसलीच नव्हती, किंवा दिसली तेव्हा त्यांनी पावलं उचलली होती. आत गेल्यावर आरसेच आरसे. सगळीकडे एक वाकलेला म्हातारा, खांद्याला शबनम पिशवी, चोरी करायला आल्यासारखा चेहरा. काउंटरवर एक मुलगी होती, तिच्या कुर्त्यावर नावाची पट्टी: रुकसाना. “बोला काका.” त्यांनी शब्द मनात तीन वेळा म्हणून पाहिला होता. “मस्कारा,” ते म्हणाले, “नातीसाठी.” त्यांना नात नव्हती.

“कुठला देऊ? लांब दिसायला, की दाट दिसायला? वॉटरप्रूफ हवा?”

“फरक काय असतो?”

“नातीला विचारा ना. मोबाईल असेल तिच्याकडे.”

तिने चार डब्या समोर ठेवल्या. सीतारामांनी चष्मा लावला आणि पहिली डबी उचलून वाचायला सुरुवात केली. सवयीने, वरच्या ओळीपासून, एकही शब्द न गाळता. दुसरी उचलली. गल्ल्यावरचे मालक, गोरेपान, जाड चष्म्याचे, वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, “वाचून झाली की जागेवर ठेवा. वाचनालय पुढच्या चौकात आहे.” एरवी एवढ्यावर सीताराम बाहेर पडले असते. पाय तसे वळलेही. रिकाम्या हाताने परत जायचं, सांगायचं, मिळाला नाही, उद्या बघतो. उद्या. हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता. वर्षभर तो त्यांच्या जेवणाच्या ताटाशेजारी बसत आला होता. रुकसाना डब्या गोळा करायला लागली, तेव्हा ते पटकन म्हणाले, “नातीसाठी नाही. बायकोसाठी आहे. तिच्या पापण्या गेल्या होत्या. औषधांनी. आता जरा जरा येतात.”

मालकांचं वर्तमानपत्र खाली आलं. रुकसानाचा हात थांबला. मग तिने त्या डब्या बाजूला केल्या आणि खणातून वेगळीच काढली. “हा घ्या. ब्रश बारीक आहे. जाडा ब्रश आखूड केसांना धरत नाही, कातडीलाच लागतो. आणि वॉटरप्रूफ नकोच, काढताना ओढावं लागतं, आहेत तेपण तुटतील. काळा नको, हा ब्राऊन-ब्लॅक न्या, कमी भडक दिसतो.” तिने हवेतच करून दाखवलं, मुळाशी ब्रश टेकवून जरासा हलवायचा आणि वर न्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा हात. करून दाखवताना तिचं तोंड आपोआप किंचित उघडलं. सीतारामांना एकदम कर्वेनगरच्या घरातला बेसिनवरचा आरसा दिसला, आणि आरशात निकिता, कॉलेजला उशीर झालेला, हातात काळी कांडी, डोळे वर, तोंड उघडं. “तोंड मिट, माशी जाईल,” असं ते जाता जाता म्हणाले होते. ती म्हणाली होती, “मिटून लावताच येत नाही हो बाबा. कुणालाच येत नाही.” ते थांबले नव्हते. तिच्या पापण्या कशा होत्या? त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. पेटीचा खटका आठवला, पाहुण्यांचं हसू आठवलं, पापण्या आठवेनात. शुद्धलेखनाच्या चुका ज्याच्या नजरेतून सुटत नाहीत, त्याला स्वतःच्या मुलीचे डोळे सांगता येऊ नयेत. पैसे घेताना मालक म्हणाले, “आजोबा, नाही जमलं लावायला तर या परत. ही दाखवेल.” आवाज तसाच कोरडा होता, पण ते उभे राहिले होते.

घरी येऊन त्यांनी ती कांडी टेबलावर ठेवली आणि पेपर वाचत बसले. दुपारची झोप झाली, चहा झाला, उन्हं गॅलरीत आली, तेव्हा चंद्रभागाच खुर्ची उजेडाकडे वळवून बसली आणि चेहरा वर केला, न्हाव्यासमोर बसावं तसा. “या.” सीतारामांनी कांडी उघडली. ब्रश बाहेर आला, काळा, ओला, कुठल्याशा किड्याच्या पायासारखा. हात थरथरत होता. पहिला हात त्यांनी असा मारला की चार केस एकमेकांना चिकटून एकच काटा झाला, तिने डोळा मिटला आणि डोळ्याखाली काळ्या ठिपक्यांची रांग उठली. “सांडली का शाई?” ती म्हणाली. त्यांनी ओल्या कापसाने पुसलं. पुसताना एक केस कापसावर आला. आखूड, वाकडा. त्यांनी कापूस मुठीत दडवला. आणि मग एक विचार आला, थंड, स्पष्ट: हे जमलं नाही तर? जमलं नाही, बिघडलं, डोळे चुरचुरले, तर पुन्हा थांबता येईल. पुढच्या महिन्यात सलाईन. मग पुन्हा पापण्या येईपर्यंत. आणि मग कदाचित कुणाच्याच कुठल्या पापण्यांची गरज उरणार नाही. आपला हात खरंच म्हातारपणाने थरथरतोय, की आपणच त्याला थरथरू देतोय?

त्यांनी डावा हात तिच्या कपाळावर टेकवला, प्रूफ टेबलावर दाबून धरायचे तसा. उजव्या हाताची करंगळी तिच्या गालाच्या हाडावर टेकवली. गाल गरम होता, आत हाड लगेच लागत होतं. ब्रशवरचा जादा रंग कांडीच्या तोंडाशी निपटला. “खाली बघ,” ते म्हणाले. ब्रश मुळाशी टेकवला, जरासा हलवला, वर नेला. एक केस. शेजारचा. मध्ये मोकळी जागा. पुन्हा एक. घाई नव्हती, हे काम त्यांना येत होतं, हे त्यांना हळूहळू कळायला लागलं. अक्षर अक्षर. वाळू दिलं. शेजारी पहार भिंतीवर पडत होती आणि प्रत्येक घावाला ते ब्रश उचलून थांबत होते. दुसरा हात. मग दुसरा डोळा. विरळ काठावर हळूहळू एक रेघ जुळून येत होती, धड दाट नाही, लांब तर नाहीच, पण रेघ. तिच्या बुबुळातला तपकिरी ठिपका आता कुंपण घातलेल्या अंगणात असल्यासारखा दिसत होता. तेवढ्यात चंद्रभागेचे ओठ हलले. ती हसू दाबत होती.

“काय झालं?”

“तोंड मिटा,” ती म्हणाली. “माशी जाईल.”

त्यांनी तोंड मिटलं. जबडा दुखत होता. बराच वेळ ते उघडंच असणार. निकिताला ते हे म्हणाले तेव्हा चंद्रभागा स्वयंपाकघरात होती, तिला ऐकू गेलं होतं, आणि तिने ते इतकी वर्षं लक्षात ठेवलं होतं. त्यांनी आरसा तिच्या हातात दिला. तिच्या बोटांत तो ठरेना म्हणून स्वतःच धरला. तिने पाहिलं. डावीकडून, उजवीकडून. पदर कपाळापर्यंत ओढून पुन्हा पाहिलं. वर्गावर जाण्याआधी ती अशी स्वतःकडे बघायची.

“निकिताला कळेल,” सीताराम म्हणाले. “तू कधी काही लावलं नाहीस.”

“लावलंय हे कळलं तर कळू दे. नाहीत हे कळायला नको.” मग आरशातूनच तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि या वेळी त्यांना नजर खाली नेता आली नाही. “पापण्या येईपर्यंत लिहू नका म्हटलं ते माझ्यासाठी नव्हतं हो. तुम्ही रोज कागद फाडत होता. कचऱ्याची बादली मीच भरून ठेवत होते बाहेर. बघवत नव्हतं. म्हटलं, घ्या थोडे दिवस माझ्या आड.” ती थांबली. “आता कुणाच्या आड बसाल?”

हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती थकली होती, एवढंच. आरसा अजून त्यांच्याच हातात होता आणि त्यात तिच्या खांद्यामागे त्यांचा अर्धा चेहरा आला होता. त्यांनी आरसा पालथा घातला. कपाटातून आंतर्देशीय काढलं. वर्षापूर्वी आणलेलं, कडांना जरा पिवळं पडलेलं. पाठकोरा कागद घेतला नाही. टेबलाशी उभ्यानेच लिहिलं: ‘निकिता, ये. मी म्हणतो म्हणून ये. लगेच ये. बाबा.’ वाचलं. ‘मी म्हणतो म्हणून’ यात पुन्हा तोच जुना ताठा आहे की काय? खोडावं का? दोनदा ‘ये’ नंतर तिसरा ‘ये’ जास्त होतो का? समासाकडे हात गेला तेव्हा त्यांना दिसलं, निळ्या कागदावर, स्वतःच्या नावाशेजारी, अंगठ्याचा काळा ठसा उठला होता. मस्कारा वाळला नव्हता. असा कागद त्यांनी आयुष्यात कधी पुढे जाऊ दिला नव्हता. ते रुमाल शोधायला लागले, मग थांबले. निकिता पत्र उघडेल, आणि अक्षर वाचायच्या आधी तिचे डोळे त्या डागाकडे जातील. तो शाईचा नाही हे तिला कुणी सांगावं लागणार नाही. त्यांनी कात्रजचा पत्ता घातला, कड जिभेने ओली केली आणि चिकटवून टाकली.

कोपऱ्यावर पोस्टाची पेटी होती, तिच्या पायाशी सोजरबाई भाजी घेऊन बसायची. पेटीचा लाल रंग उडाला होता, झडप गंजली होती. तिच्यावर कुणीतरी संगणकाच्या क्लासची जाहिरात चिकटवली होती. हल्ली पत्र टाकताना त्यांनी तिथे कुणाला पाहिलं नव्हतं. “ही पेटी अजून उघडतात का हो?” त्यांनी विचारलं.

“उघडत्यात की. येतो की त्यो रोज, सायकलवर. रिकामीच नेतो बिचारा.” सोजरबाईने मेथीवर पाणी मारलं. “टाका तुमचं. तेवढीच त्याला भवानी.”

ते तरी उभेच राहिले. गॅलरीत चंद्रभागा बसली होती. इतक्या लांबून तिचे डोळे दिसत नव्हते, फक्त पदर दिसत होता, आणि तिच्यामागे अर्ध्या पाडलेल्या भिंतीची धूळ उन्हात वर चढत होती. ती तोंड धुवेल का आता? नको म्हणून सांगायला हवं होतं. पण निकिता काही आजच येणार नव्हती. रोज धुवावं लागेल, रोज लावावं लागेल, दर खेपेला कापसावर एखादा केस येईल. पुरतील का तोवर? त्यांनी झडप वर केली. झडपेच्या काठावर अंगठ्याचा काळा डाग उठला. पत्र आत गेलं, आणि खाली पडल्याचा आवाज आला, लगेच, कशालाही न आपटता, तळाच्या पत्र्यावर.